कॉम्प्युटरला हात लावणार कोण?

स्त्रियांच्या चळवळीच्या अंकात हा विषय कशाला, असं काही जणींना वाटेल. जुन्या कॉम्प्युटरला वायरलेस यूएसबी अडॅप्टर जोडणं, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी एक वस्तू त्याच्या खाचेत घालून त्याला बिनतारी इंटरनेट मिळवून देणं. हे काम कुणीतरी मुलगा येऊन अर्ध्या तासात करून जातो. त्यावर लेख काय लिहायचा?

पण सातारा-सांगली भागात आम्ही जी सल्ला-केंद्रं चालवतो, तिथे गेल्या वर्षभरात याच वस्तूवरून जेवढी खोळंबा-खोळंबी झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नाही. त्या खोळंब्याचा विचार करताना माझ्या मनात जे पक्कं झालं, ते मैत्रिणींसमोर ठेवते आहे. ज्या गटाकडे बायका आपल्या तक्रारी विश्वासाने ठेवतात, त्या गटातल्या किमान दोघींना आपलं मशीन स्वतः जोडता आलंच पाहिजे. ही हौस नाही, सोयही नाही. आपल्या कामाचा तो भाग आहे.

केंद्र कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. भाड्याची एक खोली, दोन सतरंज्या, एक लोखंडी कपाट. कुणा बँकेने किंवा कॉलेजने नवे घेतल्यावर देऊन टाकलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर. इंटरनेटचा राउटर वरच्या मजल्यावर, आणि भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी नाही. तार ओढता येत असेल तर तारच ओढावी. ती स्वस्त पडते आणि कटकटही कमी. जिथे ओढता येत नाही तिथे हा पाच-सातशे रुपयांचा अडॅप्टर लागतो.

आणि त्या जुन्या कॉम्प्युटरवर आपण करतो काय? पोटगीच्या दाव्याची पुढची तारीख बघतो. जतच्या किंवा आटपाडीच्या एखाद्या खेड्यातली बाई दिवसाची मजुरी बुडवून, एसटीला पैसे घालून कोर्टात जाते आणि तिथे कळतं की तारीख पुढे गेली. तिच्या केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर आपल्या वहीत असेल, तर ई-कोर्ट्सच्या पानावर आदल्या दिवशी बघता येतं. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५च्या कायद्याखालचा अर्ज आपण टाइप करतो, संरक्षण अधिकाऱ्याला पाठवतो, छापून बाईच्या हातात देतो. सरकारी योजनांचे अर्ज भरतो. 'लाडकी बहीण' योजनेचं सगळ्यांना आठवत असेल. २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली आणि तीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला. ज्या बाईला नवऱ्याने दहा वर्षांपूर्वी टाकलं, तिने त्याच्याकडे जाऊन ओटीपी मागायचा? ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय करावी लागली, मुदतही वाढवावी लागली. अशा वेळी केंद्रातला कॉम्प्युटर आठ दिवस बंद असला, तर त्या आठ दिवसांची किंमत कोण मोजतं ते सांगायला नको.

आमच्या एका केंद्रातलं मशीन असंच बंद पडलं. म्हणजे बिघडलं नव्हतं. नवा अडॅप्टर त्याला ओळखता येत नव्हता. बाजारपेठेतल्या एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "ताई, हे भंगारात घाला, नवीन घ्या. नाहीतर ठेवून जा, चार-सहा दिवसांत बघतो."

ठेवून जा! त्या डब्यात काय होतं? तीसेक बायकांच्या तक्रारी, त्यांचे पत्ते, माहेरचे फोन नंबर, मारहाणीचे फोटो. आणि तालुक्याच्या गावात दुकान म्हणजे कुणाचं तरी चुलतघर. ज्या नवऱ्याविरुद्ध अर्ज लिहिला त्याचा मित्र दुपारी त्याच बाकड्यावर चहा पीत बसतो. दुकानदार वाईट असेलच असं नाही. पण जी गोष्ट आपण बंद दाराआड, हळू आवाजात ऐकून घेतली, ती आपण उचलून भर बाजारात ठेवायची का, हा प्रश्न आहे. आपण कपाटाला कुलूप लावतो, किल्ली कनवटीला ठेवतो आणि तेच कागद डब्यात भरून परक्या माणसाच्या हवाली करतो. 'आम्हाला त्यातलं कळत नाही' हे वाक्य तिथे साधं राहत नाही. त्याची झळ दुसऱ्या बाईला लागते.

कळायला इतकं अवघड तरी काय आहे?

आमच्या गटातल्या दोघी जणी, एक दहावी झालेली आणि एक बारावी, तीन दुपारी त्या मशीनसमोर बसल्या. मीही बसले. जे हाती आलं ते सांगते, कारण आपल्याकडे असली माहिती बायकांना कुणी सरळ शब्दांत सांगत नाही.

पहिली गोष्ट: अडॅप्टरच्या खोक्यावरचं कंपनीचं नाव कामाचं नसतं. कामाची असते आतली चिप. एकाच नावाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या अडॅप्टरमध्ये कंपन्या काही काळाने आतली चिप बदलतात. खोक्यावर फक्त बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा बदललेला असतो. शेजारच्या केंद्रात चालला म्हणून आपल्याकडे चालेल असं नाही. चिप कोणती ते मशीनच सांगतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडला की न ओळखलेल्या वस्तूपुढे पिवळा त्रिकोण दिसतो. त्यावर उजवी टिचकी मारून, प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी पाहिला, की 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' यांच्यापुढे चार-चार अक्षर-आकड्यांचे दोन गट दिसतात. लिनक्स असेल तर टर्मिनलच्या खिडकीत 'एलएसयूएसबी' ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप केली की तेच दोन गट मिळतात. ते वहीत लिहून घ्यायचे. वस्तूचं खरं गाव-नाव तेच.

दुसरी गोष्ट: ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. कॉम्प्युटरची भाषा एक, अडॅप्टरची दुसरी. मधे दुभाषी नसेल तर दोघं एकमेकांसमोर मुके बसतात. तो दुभाषी बहुधा खोक्यातल्या छोट्या सीडीत असतो, आणि जुन्या मशीनचा सीडीचा कप्पा कधीच बंद पडलेला असतो. मग तो इंटरनेटवरून घ्या म्हणतात. इंटरनेट नाही म्हणून तर अडॅप्टर आणला! इथे पुष्कळ जणी हात टेकतात. पण मार्ग आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करायचं. बहुतेक वेळा फोनचं इंटरनेट त्या वायरीतून कॉम्प्युटरला मिळतं. तेवढ्यात ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. ते न जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हमधून आणायचा. आपली विंडोज कोणती, आणि ३२ बिटची की ६४ बिटची, हे आधी बघून त्याचाच ड्रायव्हर घ्यायचा, आणि शक्यतो चिप किंवा अडॅप्टर बनवणाऱ्याच्याच पानावरून. वाटेल तिथून घेतलेल्या फायलीतून दुसरंच काही घरात शिरतं.

काही अडॅप्टर तर अजब असतात. घातला की वायफाय दिसतच नाही, सीडीसारखी एक डिस्क दिसते. कारण त्याच्या पोटात ड्रायव्हर ठेवलेला असतो आणि आधी तो तीच ओळख सांगतो. आतला ड्रायव्हर बसवला, की डिस्क नाहीशी होऊन वायफाय उभं राहतं. लिनक्सवर कधी कधी ती डिस्क 'इजेक्ट' करावी लागते. हे माहीत नसलेली बाई वस्तू खोटी निघाली म्हणून परत देऊन येते.

तिसरी गोष्ट: खाच आणि लहरी. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूच्या खाचा आतून एका वायरीने जोडलेल्या असतात आणि जुन्या मशीनमध्ये ती सैल झालेली असू शकते. मागच्या खाचा थेट मुख्य बोर्डावर असतात; तिथे घालून बघायचं. राउटर दोन पट्ट्यांवर चालत असेल, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, तर स्वस्त अडॅप्टरला फक्त पहिली दिसते. मग फोनमध्ये नेटवर्क दिसतं आणि कॉम्प्युटरमध्ये नाही, म्हणून आपण मशीनला दोष देतो. राउटरवर फक्त 'डब्ल्यूपीए३' सुरक्षा लावलेली असेल तर पासवर्ड बरोबर असूनही जुना अडॅप्टर जोडला जात नाही. ती 'डब्ल्यूपीए२' चालेल अशी करावी लागते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विंडोज ७ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२०ला बंद झाली आणि विंडोज १०ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. म्हणजे अडॅप्टर लागला, इंटरनेट आलं, आता झालं, असं नाही. दार उघडलं आणि कडी मोडकी, अशी ती गत. ज्या मशीनवर बायकांच्या तक्रारी आहेत ते तसं इंटरनेटला जोडू नये. एकतर त्या फायली वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर लिनक्स बसवावं. लिनक्सला पैसे पडत नाहीत, हलक्या प्रकारचं घेतलं तर जुन्या मशीनवर नीट चालतं, आणि पुष्कळ जुन्या चिपांचे दुभाषी त्यात आधीपासूनच असतात. आमच्याकडे शेवटी तेच झालं. ज्या अडॅप्टरने दोन दुपारी खाल्ल्या तो तिसऱ्या दुपारी लिनक्सवर खाचेत घालताच चालू लागला. अडचण एकच आली: श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी अर्ज तिथे वाचता येईनात. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागले. हे काम मशीन बदलण्याआधी करावं, म्हणजे धावपळ होत नाही.

एवढंच सारं. यात न कळण्यासारखं काही आहे? पापडाच्या पिठाचा अंदाज, सोसायटीचं व्याज, कोर्टाची कलमं, हे सारं आपण शिकलोच ना?

मग आपण बायका कॉम्प्युटरच्या पुढ्यात बसतो, पण त्याच्या मागे का जात नाही? २००१नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, त्यात मुली मोठ्या संख्येने गेल्या. टायपिंग शिकल्या, तक्ते शिकल्या. ऑफिसात टाइप करणारी बाई आणि डबा उघडणारा बुवा, ही वाटणी मात्र तशीच राहिली. ही जुनी श्रमविभागणी आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचंच बघा. लोखंडी नांगर आणि पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या गावातूनच १९३०मध्ये 'स्त्री' मासिक निघालं. यंत्र आणि स्त्रियांचा विचार एका वाडीत नांदले. पण विहिरीवरचा पंप अडला की तो खोलायला बाईला कुणी बोलावलं नाही. पाणी भरायचं तिने, पान्याला हात लावायचा त्याने.

ही वाटणी मोडता येते, याची उदाहरणंही आहेत. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, दलित बायका हातपंप दुरुस्तीला शिकल्या. गावातला पंप बंद पडला की तालुक्याच्या मेकॅनिकची वाट बघणं थांबलं. आणि जी बाई पान्याने पंप खोलते तिच्याशी गाव निराळ्या आवाजात बोलू लागतं, हा त्याहून मोठा लाभ.

लांब कशाला जा, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली तेव्हा काय झालं? सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका शिकायला बसल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ साली बँक सुरू झाली. पुढे कार्डाचा विषय निघाला तेव्हा याच बायकांनी सांगितलं की पिन नको, अंगठा हवा. पिन कुणीही काढून घेतं, अंगठा काढून घेता येत नाही. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा हे अनेकदा सांगतात. यंत्र आपल्या आयुष्यात कसं बसेल, ते बनवणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्या बाईला जास्त कळतं, फक्त तिला विचारलं पाहिजे आणि यंत्र तिच्या हातात दिलं पाहिजे.

याच भागात ऐंशीच्या दशकापासून स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने, इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी, परित्यक्तांचा प्रश्न हातात घेतला. टाकलेल्या बाईच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड हवं, अशी ती मागणी होती. कार्डाचा तुकडा तो काय, असं तेव्हाही म्हणणारे होते. पण कार्ड नवऱ्याच्या घरात, तर बाई सरकारदरबारी कुठेच नाही. आज कार्डाच्या जागी ओटीपी आला आहे, पासवर्ड आला आहे. त्याची किल्ली कुणाच्या घरात, हा प्रश्न जुनाच आहे.

"आता सगळ्यांकडे फोन आहेत, जुन्या कॉम्प्युटरचं एवढं काय?" असं बैठकीत एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण सगळ्यांकडे फोन आहेत का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ५४ स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३, पुरुष ५७. त्यानंतर आकडे वाढले असतील. पण आपल्याकडे येणाऱ्या बायकांचा फोन संध्याकाळी कोण तपासतं ते आपण रोज ऐकतो. नवऱ्याच्या तक्रारीचा अर्ज नवऱ्याने उघडून बघितलेल्या फोनवर लिहायचा कसा? त्यासाठी केंद्रातलं मशीनच हवं, आणि ते घरच्यांच्या नजरेबाहेर हवं.

दुसरी एक म्हणाली, "मारहाणीच्या केसेस सोडून आता आपण तारा जोडत बसायचं का?" तिची दमणूक मला कळते. आपल्याला कामं कमी नाहीत, आणि मानधनाचा पत्ता नाही. पण जी कामं आपण 'नंतर बघू' म्हणून ठेवली ती आपोआप कुणा पुरुषाकडे गेली, हा आपला आजवरचा अनुभव आहे. कार्यकर्तीचा मुलगा येतो, कुणाचा भाऊ येतो, प्रेमाने येतो. त्याच्या परीक्षा आल्या की मशीन बंद. पासवर्ड त्याच्या डोक्यात. आणि तक्रारींची फाईल त्याने येता-जाता पाहिलेली. त्या मुलांचे उपकार मानूनही मी म्हणेन की ही व्यवस्था बदलायला हवी.

तिसरं म्हणणं पैशाचं: देणगी मागून नवं मशीन घ्यावं. मिळालं तर जरूर घ्यावं. पण नव्याचं जुनं व्हायला पाच वर्षं पुरतात. न शिकलेल्या हातात नवं मशीनही पहिल्या अडचणीला बंदच पडतं.

म्हणून काही गोष्टी सुचवते. प्रत्येक केंद्रात दोघी जणी या कामाला नेमाव्यात. एकच नको, कारण एकीचं बाळंतपण, एकीची सुगी असतेच. एक वही करावी: आपल्या मशीनचं वय, विंडोज की लिनक्स, अडॅप्टरचे ते दोन गट, कुठला ड्रायव्हर चालला, कोणत्या खाचेत चालला. पासवर्ड मात्र त्या वहीत नकोत, ते कुलपात. एका पेनड्राइव्हमध्ये चाललेले ड्रायव्हर आणि लिनक्सची प्रत ठेवावी आणि ती केंद्राकेंद्रांत फिरवावी. नवा अडॅप्टर घेताना दुकानातच आवृत्तीचा आकडा बघावा, आणि आपल्या मशीनवर चालला नाही तर परत घेणार का, हे आधी विचारून पावती घ्यावी. जिल्ह्याच्या शिबिरात कायद्याच्या सत्राला जशी सकाळ असते तशी एक दुपार या कामाला असावी, आणि त्या दुपारी शिकवणारी बाईच असावी. आमच्या त्या दोघी तयार आहेत. भाडं आणि दुपारचं जेवण द्या, कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कुठेही येतील.

तुमच्या केंद्रात मशीन कोण जोडतं, अडलं की कुणाला बोलावता, आणि तोवर बायकांच्या फायली कुठे असतात, ते लिहून कळवा. ज्यांनी स्वतः जोडलं आहे त्यांनी कोणता अडॅप्टर कशावर चालला तेही कळवा. पुढच्या अंकापर्यंत त्याचा एक तक्ता करता आला, तर पुढच्या केंद्रातल्या दोघींच्या तीन दुपारी वाचतील.